लिंबापासून उदापर्यंत

सकाळी साडेनऊला मी डाव्या मनगटावर शालिमारचा एक फवारा मारला आणि वही उघडून बसले. पहिली नोंद अशी: "लिंबू. सालीसकट पिळलेलं, किंचित कडसर." रात्री अकराची शेवटची नोंद एका शब्दाची आहे: "ऊद." मधल्या साडेतेरा तासांत त्या मनगटाला दुसरं काही लावलं नव्हतं, पाणीही लागू दिलं नव्हतं. एकाच फवाऱ्यातून आधी लिंबू आणि शेवटी ऊद निघावा, हे कसं घडतं ते मला समजून घ्यायचं होतं.

त्यामागे एक जुनी हुकलेली संधीही होती. काही वर्षांपूर्वी एका दुकानात हाच परफ्यूम कागदाच्या पट्टीवर मारून माझ्या नाकासमोर धरला गेला. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. अर्ध्या मिनिटात मी "नको" म्हणून मोकळी झाले, कारण मला काहीतरी उबदार, गोडसर हवं होतं आणि पट्टीवर होतं आंबट लिंबू. ते शालिमारचं पहिलं अर्धं मिनिट होतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही ठाऊक नव्हतं.

'ओरिएंटल' म्हणजे पौर्वात्य म्हटल्या जाणाऱ्या उबदार सुगंधांच्या घराण्यातलं शालिमार हे सर्वांत ठळक नाव. पॅरिसच्या गेर्लँ या १८२८ पासून चालत आलेल्या पेढीत झाक गेर्लँ यांनी तो १९२१ मध्ये घडवला आणि १९२५ साली पॅरिसला भरलेल्या सजावटी कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी तो आजच्या ओळखीच्या बाटलीत लोकांसमोर आला. निळ्या काचेचं पंख्यासारखं झाकण आणि खाली कारंज्याच्या कुंडासारखा घाट असलेली ही बाटली रेमाँ गेर्लँ यांची कल्पना. आर्ट डेको हे नाव ज्या प्रदर्शनावरून पडलं तेच हे प्रदर्शन. मुंबईत मरीन ड्राइव्हवरून चालणाऱ्याला त्या शैलीच्या गोल बाल्कन्या वेगळ्या दाखवाव्या लागत नाहीत.

नाव मात्र मुघल बागेचं. कंपनी जी गोष्ट सांगते ती शाहजहान आणि मुमताज महल यांच्या प्रेमाची आहे, आणि इतिहासाशी ती नीट जुळत नाही. शालिमार नावाच्या दोन प्रसिद्ध बागांपैकी श्रीनगरची बाग जहांगीरानं १६१९ च्या सुमारास करवली. लाहोरची बाग शाहजहाननं १६४१ मध्ये सुरू केली, तोवर मुमताजला बुऱ्हाणपुरात वारून दहा वर्षं झाली होती. खरं तर सुगंधाचाच धागा धरायचा तर जहांगीराचा मान मोठा. गुलाबपाणी काढताना वर तरंगणारा तवंग नूरजहानच्या आईनं वेगळा काढला आणि त्याचा एक थेंब तळहाताला लावला तरी सगळी मैफल दरवळते, असं त्यानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्या तवंगाला 'इत्र-ए-जहांगिरी' असं नावही मिळालं.

पण शालिमारच्या बाटलीत डोकावलं तर तिथे लाहोरही नाही आणि श्रीनगरही नाही. आहे ते दक्षिण इटलीतलं एक कडू लिंबूवर्गीय फळ, मूळची मेक्सिकोची व्हॅनिला, आग्नेय आशियातली राळ आणि प्रयोगशाळेत तयार झालेली पांढरी भुकटी. पॅरिसनं कल्पनेत रंगवलेली पूर्व आहे ती. सुगंधांचं वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये आपल्या सूचीतून 'ओरिएंटल' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'अँबर' घातला. मला ते पटतं. ज्या घरात रोज संध्याकाळी धूप जळतो, त्या घराला या वासात परकं आणि गूढ असं काय वाटणार?

नव्या शब्दानंही घोळ होतो, तेवढा निस्तरायला हवा. आपल्याकडे अंबर म्हटलं की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बातम्या आठवतात: "व्हेल माशाची उलटी जप्त". ते अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. ते बाळगणं आणि विकणं आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परफ्यूमच्या जगातला 'अँबर' याहून अगदी निराळा. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची लॅबडॅनम नावाची चिकट राळ, ऊद आणि व्हॅनिला यांचा मेळ जमला की जो गोड, जाडसर, धुरकट वास तयार होतो त्याला हे नाव. त्यात व्हेलचा काही संबंध नाही.

आता मनगटाकडे.

फवारा पडताक्षणी गार वाटतं. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा वाटतं तसंच, आणि कारणही तेच: बाटलीत बहुतांश अल्कोहोल असतं आणि ते उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. अर्ध्या-एक मिनिटात ते संपतं. या वेळी नाक लावलं तर फक्त झणका बसतो, म्हणून थोडं थांबलेलं बरं. अल्कोहोल गेलं की त्वचेवर तेलांचा एक पातळ थर उरतो, आणि मग पुढे जे होतं ते सगळं त्या थराचं हळूहळू उडून जाणं आहे.

सगळ्यात आधी येतो बर्गमॉट. इटलीच्या टोकाला कालाब्रियाच्या किनाऱ्यावर होणारं हे फळ खायला कडू, पण सालीतलं तेल मोलाचं. अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर तो वास तुमच्या ओळखीचा आहे. शालिमारच्या मूळ बांधणीत जवळजवळ तिसरा हिस्सा बर्गमॉटचाच असल्याचं जाणकार सांगतात, म्हणून सुरुवातीला लिंबू एवढं जोरात. या तेलात मुख्य दोन घटक: लिमोनिन आणि लिनालिल ॲसिटेट. लिमोनिन आपल्याला रोज भेटतं. मोसंबी सोलताना साल चिमटीत दाबली की डोळ्यांना झोंबणारा बारीक तुषार उडतो, त्यात बहुतेक तेच असतं. उडायची त्याला इतकी घाई की पाच-दहा मिनिटांत मनगटावरचं पुष्कळसं लिमोनिन हवेत गेलेलं असतं.

इथे नेहमीचं स्पष्टीकरण असं देतात की हलके रेणू आधी उडतात आणि जड रेणू मागे राहतात. ढोबळपणे ते बरोबर आहे, पण शालिमारच्या बाबतीत नेमकं मुख्य पात्र या नियमात बसत नाही. लिमोनिनच्या रेणूचं वजन १३६, लिनालिल ॲसिटेटचं १९६. आणि व्हॅनिलिनचं, म्हणजे व्हॅनिलाच्या मुख्य गंधद्रव्याचं, १५२. नुसत्या वजनावर ठरत असतं तर व्हॅनिला बर्गमॉटमधल्या त्या दुसऱ्या घटकाच्या आधी निघून गेली असती. प्रत्यक्षात बर्गमॉट दुपारच्या आत संपतो आणि व्हॅनिला रात्री झोपतानाही असते. कारण रेणूंचा एकमेकांवरचा लोभ. व्हॅनिलिनच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते, आणि तिच्या आधारानं तो शेजारच्या रेणूला, त्वचेवरच्या ओलाव्याला, राळेला धरून ठेवतो. लिनालिल ॲसिटेटकडे धरायला असा हात नाही. म्हणून ते जास्त वजनाचं असूनही सुमारे २२० अंशांना उकळतं आणि व्हॅनिलिनला २८५ अंश लागतात. शुद्ध व्हॅनिलिन तर खोलीच्या तापमानाला द्रव नसतंच, सुईसारखे पांढरे स्फटिक असतात त्याचे.

इंग्रज परफ्यूमकार विल्यम पाउचर यांनी विसाव्या शतकात शेकडो गंधद्रव्यं किती वेळ टिकतात ते स्वतः हुंगून, मोजून, त्यांना १ ते १०० असे अंक दिले. सगळ्यात आधी उडणाऱ्याला १, सगळ्यात चिवटाला १००. टॉप नोट्स, हार्ट नोट्स, बेस नोट्स हे शब्द दुकानात ऐकू येतात त्यांच्यामागे हाच क्रम आहे. मात्र बाटलीवरचा तो तीन मजली त्रिकोण पाहून एक मजला संपला की दुसरा सुरू होतो असा जो समज होतो, तो चुकीचा. पहिल्या मिनिटालाही व्हॅनिला तिथे असतेच, लिंबाच्या गलक्यात तिचा आवाज ऐकू येत नाही इतकंच. शिवाय राळा चिकट असतात, त्या हलक्या तेलांना थोडं धरून ठेवतात, त्यामुळे बर्गमॉट एकटा असता तर जेवढा टिकला असता त्याहून इथे जास्त रेंगाळतो. माझ्या वहीत दहाच्या नोंदीत लिंबू आहे, साडेदहाला "लिंबू की कस्टर्ड?" असा प्रश्न आहे, अकराला लिंबाचा उल्लेख नाही. तो नेमका कधी गेला ते मला पकडता आलं नाही. परफ्यूमकाराचं कसब असलं तर ते इथे: शिवण दिसत नाही.

मधला भाग फुलांचा. गुलाब, मोगऱ्याच्या कुळातली जाई, आणि ऑरिस, म्हणजे आयरिसचं वर्षानुवर्षं वाळवलेलं मूळ, ज्याला फेस पावडरसारखा कोरडा वास असतो. खरं सांगायचं तर शालिमारमधला हा टप्पा मला फारसा मोहवत नाही, फुलं मागेच राहतात. पण त्यात पाच आहे. तीच पाच, जिची पानं आपल्याकडे मरव्याबरोबर गजऱ्यात ओवतात. परफ्यूमवाले तिला पचौली म्हणतात. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला निघायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत पाचेची वाळलेली पानं घालत. शालीबरोबर तो वासही तिकडे पोचला आणि तिथल्या बायकांना इतका आवडला की पुढे तो वास आला तरच शाल अस्सल असं मानलं जाऊ लागलं. पूर्वेचा खरा धागा शालिमारमध्ये शोधायचाच तर तो बागेच्या नावापेक्षा या पानात सापडतो.

दुपारी दोननंतर मात्र तो परफ्यूम सुरू झाला ज्यासाठी लोक शंभर वर्षं पैसे मोजत आले आहेत.

व्हॅनिलाची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. ती एका वेलीची, ऑर्किडची शेंग. मेक्सिकोबाहेर वेल वाढायची, फुलायची, पण परागीभवन होत नसल्यानं शेंगा धरत नसत. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागीभवन हातानं करून दाखवलं. आजही जगभर साधारण त्याच्याच रीतीनं एकेक फूल हातानं फळवलं जातं. या मुलाचं नाव व्हॅनिलाच्या प्रत्येक डब्यावर असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. पुढे १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केलं आणि व्हॅनिलाचा वास शेंगेवाचून मिळू लागला. गेर्लँच्याच पेढीत एमे गेर्लँ यांनी १८८९ मध्ये 'झिकी' नावाच्या परफ्यूममध्ये तो वापरला. त्यानंतर आलं एथिल व्हॅनिलिन, निसर्गात न सापडणारं आणि व्हॅनिलिनच्या कितीतरी पट तीव्र. झाक गेर्लँ यांनी झिकीच्या बाटलीत एथिल व्हॅनिलिन ओतून पाहिलं आणि त्यातून शालिमारची कल्पना सुचली, अशी हकिकत सांगतात.

नुसती व्हॅनिला असती तर मनगटाला आइस्क्रीमचा वास आला असता. तसं होत नाही याचं श्रेय धुराला आणि राळेला. मूळ बनावटीत जवादी मांजराच्या ग्रंथीतून मिळणारी जवादीही होती, थोडी उग्र, प्राण्याच्या अंगासारखी. आता तिच्या जागी कृत्रिम द्रव्यं आहेत. चामड्यासारखा एक धुरकट पदर आहे. आणि ऊद आहे.

ऊद म्हटल्यावर एक खुलासा करते. आखाती परफ्यूमांमुळे आता 'ऊद' म्हणजे अगरूचं लाकूड असं तरुण मुलांना वाटतं. अरबीत ते बरोबर आहे. मराठी घरातला ऊद मात्र निराळा, निखाऱ्यावर टाकायचे ते तांबूस-पांढरे खडे. स्टायरॅक्स जातीच्या झाडाला खाच पाडली की पाझरून घट्ट होणारी ही राळ मुख्यतः लाओस आणि सुमात्रातून येते. अरब व्यापारी तिला 'लुबान जावी', जावाचा लोबान, म्हणत. त्या नावाचा अपभ्रंश होत होत युरोपात बेंझोइन झालं, त्यातून बेंझोइक आम्ल, आणि त्यावरून १८३३ मध्ये एका द्रवाला जे नाव मिळालं त्यातून आलं बेंझिन. अकरावी-बारावीत आपण जे षटकोन काढत बसलो त्याचं नाव मुळात देवघरातल्या धुरातून निघालेलं आहे. आणि या उदाच्या चांगल्या प्रतीत निसर्गतःच थोडं व्हॅनिलिन असतं. म्हणून व्हॅनिला आणि ऊद एकमेकांत इतके सहज मिसळतात. मुळात ते सोयरेच.

संध्याकाळी मावशी आली. चहाचा कप देताना माझा हात तिच्या तोंडाजवळून गेला तशी ती थांबली.

"काय गं, कुणाच्या बाळाला धुरी देऊन आलीस?"

मी मनगट पुढे केलं. तिनं पुन्हा वास घेतला, जरा वेळ डोळे मिटले. "ओवा नाही यात," ती म्हणाली, "वावडिंगही नाही. पण ऊद आहे."

तिला परफ्यूमचं नाव सांगितलं नव्हतं. न्हाऊ घातलेलं बाळ दुपट्यात गुंडाळून शेगडीच्या वर धरायचं, निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, ऊद टाकायचा: हे तिनं घरातल्या सगळ्या भाचरांसाठी केलेलं, तेव्हा नाकानं ओळखलं ते बरोबरच.

या वासाला उबदार का म्हणायचं, याचं उत्तर मला तिथे मिळालं. पेपरमिंटमधलं मेंथॉल थंड वाटतं कारण ते नाका-तोंडातल्या थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना खरोखर जागं करतं. मिरची उष्णता जाणणाऱ्यांना करते. व्हॅनिलिन यांपैकी काहीच करत नाही. त्या तंतूंना ते जवळजवळ स्पर्शही करत नाही, इतकं की गंधाचा अभ्यास करणारे शुद्ध वासाचा नमुना म्हणून तेच वापरतात. मग ऊब येते कुठून? दूध आटवलेलं पातेलं, भट्टीतून निघालेला केक, शेगडी, दुपटं. ऊब आठवणीतून येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवेगळ्या खंडांतल्या, शहरी आणि शिकारीवर जगणाऱ्याही समाजांतल्या लोकांना निरनिराळे वास देऊन पसंती विचारली, तेव्हा सगळ्यांत आवडता निघाला तो व्हॅनिलिनच. म्हणजे आवड बरीचशी सगळ्या माणसांची सारखी आहे. शेगडी मात्र ज्याची त्याची.

आणि उबेचा दुसरा अर्थ अगदी शब्दशः आहे. मनगटाच्या त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं. कागदाची पट्टी खोलीइतकीच गार. चिवट रेणूंना उठवायला ही अंगची उष्णता लागते, म्हणून असा परफ्यूम पट्टीवर मुका वाटतो आणि अंगावर बोलू लागतो. तेलकट त्वचेवर तो जास्त वेळ बसतो, कोरड्या त्वचेवर लवकर विरतो. त्यासाठी आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडं खोबरेल चोळून घेतलं तर फरक पडतो, मात्र खोबरेलाचा स्वतःचा वास मिसळतो हे लक्षात ठेवावं. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली तर "रेणू मोडतात" असं सांगतात, ते खरं नाही. रेणू इतक्यानं मोडत नाहीत. घासण्यानं त्वचा तापते आणि लिंबू चटकन उडून जातं, एवढंच. मला ते लिंबू हवं असतं, म्हणून मी घासत नाही.

ऋतूचंही तसंच. मे महिन्यात मुंबईच्या घामट हवेत शालिमार लावून लोकलच्या डब्यात शिरणं हा शेजारणीवर अन्याय आहे, सगळे गोड रेणू एकदम उठतात. आपल्या जुन्या अत्तरवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं: उन्हाळ्यात वाळा आणि मोगरा, थंडीत हिना. कनौजच्या हिन्याच्या अत्तरात मसाले, मुळं, राळा चंदनाच्या तेलावर उतरवलेल्या असतात. त्याचा फाया कानात ठेवून डिसेंबरच्या लग्नाला जाणाऱ्या आजोबांच्या पिढीला शालिमारची शेवटच्या तासांची बाजू काही नवी वाटली नसती. तिथे अल्कोहोल नाही, लिंबू नाही, अत्तर थेट तळापासूनच सुरू होतं.

एक चूक मी त्या दिवशीही केलीच असती. चारच्या सुमारास मला वाटलं, वास गेला. वहीत तसं लिहूनही ठेवलं. पण नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं आणि तो सांगायचं सोडून देतं. मनगटावर वास होता, माझं नाक गप्प झालं होतं. अशा वेळी आणखी दोन फवारे मारणारी माणसं लिफ्टमध्ये आपल्याला भेटतात. मी बाहेर गॅलरीत पाच मिनिटं उभी राहून आले आणि मग पुन्हा हुंगलं. होता.

तिसऱ्या दिवशी धुवायच्या आधी ओढणीला इस्त्री फिरवत होते, घाईनं एकदा घ्यायची होती म्हणून. फवारा मारताना तिच्या टोकावर चार थेंब उडाले असावेत. इस्त्री त्या टोकावरून गेली आणि वाफेबरोबर एकदम वास उठला. लिंबाचा मागमूस नव्हता, फुलंही नव्हती. व्हॅनिला आणि ऊद, दोघंच. मी इस्त्री बाजूला ठेवली, ओढणीचं गरम टोक दोन्ही हातांत धरलं आणि ते गार होईपर्यंत तशीच उभी राहिले.